दुसरे बाळंतपण आणि बापाची रजा

पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी, हा रिवाज कोल्हापूर भागात अजूनही बऱ्यापैकी पाळला जातो. त्यामागचा हिशेब सरळ होता. पहिल्या खेपेला मुलगी अननुभवी असते, घाबरलेली असते, तिला स्वतःची आई जवळ हवी असते. दुसऱ्या खेपेपर्यंत ती सासरी रुळलेली असते, आणि ती दोन-तीन महिने माहेरी राहिल्याने थोरल्याची शाळा, घरचे दूधदुभते आणि शेतातली घाई अडून राहू नये, अशी सासरची सोयही त्यात असे. पहिलटकरीण या शब्दातच केवढी काळजी भरलेली आहे. तिचे डोहाळजेवण होते, तिला काय खावेसे वाटते हे दहा जण विचारतात, तिने जिना उतरताना कठडा धरला की नाही याकडेही घरातल्या बायकांचे लक्ष असते. दुसऱ्या वेळच्या गरोदर बाईसाठी असा मायेचा एखादा शब्द माझ्या तरी कानावर आलेला नाही. ती आता सरावलेली आहे, एवढेच तिच्याबद्दल म्हटले जाते.

माझ्या पत्नीला सध्या सातवा महिना सुरू आहे आणि आमची थोरली मुलगी साडेचार वर्षांची आहे. पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे गडहिंग्लजला, पत्नीच्या माहेरी झाले. तिची आई, काकू आणि धाकटी बहीण अशा तिघी तिच्या दिमतीला होत्या. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आधीच करून ठेवलेले होते, तेल लावणारी बाई रोज सकाळी येत होती, रात्री बाळ रडले तर उचलून घ्यायला आजी उठत होती. मी सुट्टीच्या आदल्या रात्री एस.टी.ने जाई आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येई. मला जावयाचे ताट वाढले जाई. त्या सव्वा महिन्यात मी माझ्या मुलीचे एकही दुपटे धुतले नाही, आणि ते मी धुवायला हवे होते हे त्या घरात कोणालाही, अगदी मलाही, सुचले नाही.

यंदाचे बाळंतपण पाचगावात आमच्या घरी व्हायचे आहे. घरात माझी आई आहे; तिचे वय ६३ आहे, दोन्ही गुडघे दुखतात, आणि पाटावर बसून पायांवर बाळ घेऊन आंघोळ घालणे तिला आता जमत नाही. बहीण पुण्याला नोकरी करते. सासऱ्यांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असल्यामुळे सासूबाईंना गडहिंग्लज सोडता येत नाही. म्हणजे पहिल्या वेळी जे काम तिघींनी वाटून घेतले होते, ते करू शकेल असे धडधाकट माणूस या वेळी घरात एकच उरते, आणि ते मी आहे. मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी करतो. माझ्या नावावर शिल्लक असलेली पगारी रजा ११ दिवसांची आहे.

हे एका घराचे गाऱ्हाणे असते तर मी ते लिहिले नसते. माझ्या खात्यात काम करणाऱ्या, माझ्याच वयाच्या बहुतेकांच्या घरची स्थिती कमीअधिक फरकाने अशीच आहे. माझे म्हणणे असे आहे, की मूल जन्मल्यावर बापाला किमान १५ दिवसांची पगारी रजा हा खासगी नोकरीतल्या आणि कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराचा कायदेशीर हक्क झाला पाहिजे, आणि ती रजा का हवी हे पहिल्यापेक्षा दुसऱ्या बाळंतपणाकडे पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट दिसते. पहिल्या वेळी माहेर नावाची एक मोठी यंत्रणा बापाची उणीव झाकून टाकते. दुसऱ्या वेळी ती उणीव उघडी पडते.

दुसऱ्या वेळी बाई सरावलेली असते, हा समज शरीराच्या बाबतीत फारच अपुरा आहे. दुसऱ्या वेळच्या कळा बहुधा कमी वेळ चालतात हे खरे, पण त्यामुळेच दवाखान्यात वेळेवर पोचण्याची घाई वाढते. बाळ झाल्यानंतर गर्भाशय आकसताना पोटात जे दुखते, ते दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा अधिक तीव्र असते आणि अंगावर पाजताना आणखी जाणवते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि पहिल्या बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर दुसऱ्या गरोदरपणात आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे पोटातल्या बाळाच्या रक्तपेशींवर उलटू शकतात, आणि म्हणूनच पहिल्या वेळी ती तयार होणे रोखणारे अँटी-डी इंजेक्शन चुकवून चालत नाही. पहिले सिझर झालेले असेल तर गर्भाशयावरची जुनी जखम डॉक्टरांना सतत लक्षात ठेवावी लागते. शिवाय पहिल्या बाळंतपणात आणि पाजण्यात खर्ची पडलेले लोह भरून निघालेले असतेच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. एका प्रसूतीनंतर पुढची गर्भधारणा निदान २४ महिन्यांनी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, ती याच झिजेमुळे. आणि ही झीज घेऊन पहिल्या वेळची बाई दुपारी दोन तास आडवी होऊ शकते. दुसऱ्या वेळच्या बाईला ते दोन तास थोरले मूल देत नाही.

थोरल्या मुलाचा प्रश्न हा दुसऱ्या बाळंतपणाचा खरा गाभा आहे, आणि त्याचा विचार रिवाजातही नाही आणि कायद्यातही नाही. पहिल्या वेळी घरात एक बाळंतीण आणि एक बाळ असते. दुसऱ्या वेळी त्या दोघांच्या शेजारी एक असे मूल उभे असते, ज्याला कालपर्यंत आईच्या कुशीवर पूर्ण हक्क होता. गेल्या महिन्यातल्या तपासणीत डॉक्टरांनी पत्नीला सांगितले, की थोरलीला उचलायचे नाही. मुलीचे वजन १६ किलो आहे. तेव्हापासून ती जिन्याशी आली की सवयीने हात वर करून उभी राहते, आणि तिची आई खाली पायरीवर बसून तिला जवळ घेते, पण उचलत नाही. परवा झोपताना मुलीने मला विचारले, "बाळ पोटात आलं म्हणून मी जड झाले का?" या प्रश्नाला कोणतेही तोंडी उत्तर पुरे पडत नाही, हे मला त्याच क्षणी कळले. त्याला उत्तर एकच असते, ते म्हणजे तिला उचलून घेणे. सिझर झाल्यानंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, असा सल्ला दिला जातो. म्हणजे आणखी कित्येक आठवडे तिला उचलणारे हात माझेच असणार आहेत, आणि हे हात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा कारखान्यात असणार आहेत.

अशा वेळी आपल्याकडे एक ठरलेला उपाय सुचवला जातो, तो म्हणजे थोरल्याला महिनाभर आजोळी पाठवून देण्याचा. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि अनेक घरांत दुसरा इलाजही नसतो, त्यामुळे असे करणाऱ्या कोणत्याही आईबापाला मी दोष देणार नाही. पण या उपायाकडे चार-पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहायला हवे. आई दवाखान्यात जाते, घरात नवे बाळ येते, आणि त्याच आठवड्यात आपल्याला कपड्यांची पिशवी भरून दुसऱ्या गावी पोचवले जाते. परत यावे तो आईच्या शेजारची जागा गेलेली असते. सुटलेली सवय परत येऊन रात्री अंथरूण ओले होणे, हाताने जेवणाऱ्या मुलाने घास भरवून मागणे, बोबडे बोलणे, बाळाला चिमटा काढणे या गोष्टी बालरोगतज्ज्ञांना नेहमीच्या परिचयाच्या आहेत. मूल घरात राहिले म्हणून त्या होणार नाहीत असे नाही. पण घरात राहिलेल्या मुलाला निदान बाळाचे दुपटे आणून देता येते, त्याच्या पायाची बोटे मोजता येतात, बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी धरता येते. आपल्याला बाजूला काढले नाही, आपल्या अंगावर कामही सोपवले आहे, हे त्याला दिसते. मात्र त्यासाठी त्याच्याबरोबर कोणीतरी मोठे माणूस मोकळे असावे लागते, ज्याच्या मांडीवर दुसरे बाळ नाही असे माणूस. घरात असे माणूस शोधू लागलो, की बोट शेवटी बापाकडेच जाते.

इथे आमच्या जिल्ह्याविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण ती लपवून दुसऱ्या अपत्याविषयी बोलता येत नाही. आम्हाला पहिली मुलगी आहे हे कळले, की भेटणारे दहांतले सहा जण, बहुतेक प्रेमानेच, म्हणतात, "आता एक मुलगा झाला की सुटलात." हे वाक्य मुलीच्या देखत उच्चारले जाते. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. २०११ मध्ये हा आकडा ८६३ झाला. सुधारणा झाली, आणि त्यामागे प्रयत्नही होते. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारे उपकरण बसवण्याचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. तरीही तो आकडा राज्याच्या ८९४ च्या खालीच राहिला. गर्भलिंगनिदानाचे पाप प्रामुख्याने दुसऱ्या खेपेला होते, हेही आता अभ्यासातून समोर आले आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पहिली मुलगी असलेल्या भारतीय घरांत दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे जन्मणाऱ्या मुलींची संख्या १९९० मध्ये ९०६ होती, ती २००५ पर्यंत ८३६ वर आली. म्हणजे दुसरे गरोदरपण आपल्या समाजात साधे नसते. आईच्या पोटावर एका प्रश्नाचे ओझे ठेवलेले असते, आणि थोरली मुलगी त्या प्रश्नाचे न आवडलेले उत्तर असल्यासारखी तिच्या शेजारी वावरत असते.

केंद्र सरकारची प्रधानमंत्री मातृवंदना योजना या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. २०१७ पासून पहिल्या अपत्यासाठी गरोदर आणि स्तनदा मातेला ५,००० रुपये मिळतात. पुढे दुसऱ्या अपत्यासाठीही ६,००० रुपयांची तरतूद झाली, पण ते अपत्य मुलगी असेल तरच. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा उद्देश मला पूर्ण मान्य आहे, आणि कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात तर तो हवाच. पण आईच्या पोषणाचे पैसे आणि मुलीच्या जन्माचे प्रोत्साहन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहाव्या महिन्यात आईला लागणारे दूध, डाळ आणि लोहाच्या गोळ्या पोटात काय आहे यावर अवलंबून नसतात. मुलींसाठी राज्याची लेक लाडकी योजना आहे. ती आणखी बळकट करावी. दुसऱ्या गरोदरपणाची मदत मात्र बाळाच्या जन्माआधी, बाळ कोणतेही असो, मिळाली पाहिजे.

रजेच्या कायद्याकडे येतो. प्रसूती लाभ अधिनियम १९६१ चा होता. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ती पहिल्या दोन अपत्यांसाठी सारखीच आहे. दोन मुले हयात असतील तर त्यापुढे १२ आठवडे मिळतात. २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी तशाच आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणात कायद्याने भेद केला नाही, ही गोष्ट रिवाजापेक्षा न्याय्य आहे. माझी पत्नी एका पतसंस्थेत नोकरी करते. तिला ही रजा मिळणार आहे आणि तिचा आम्हाला मोठा आधार आहे. परंतु या सगळ्या तरतुदींत बाप हे माणूस कुठेच नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा १९९७ पासून मिळते, आणि ती बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेता येते. खासगी कारखान्यातल्या कामगाराला मात्र कायद्याने अशी रजा नाही. त्याला दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस या हिशेबाने जी पगारी रजा साठते, तीच घरच्या आजारपणाला, गावच्या जत्रेला, मर्तिकाला आणि बाळंतपणालाही पुरवावी लागते.

आपल्या राज्याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. ती पुरुषांनाही मिळते, पण ज्यांची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली आहे अशांनाच. निर्णय करुणेने घेतलेला आहे आणि त्याचा उपयोग झालेल्या घरांना तो मोलाचा वाटत असणार. पण त्याचा अर्थ लावला तर असा निघतो, की आई जिवंत आणि चालती-फिरती असेपर्यंत मूल सांभाळण्यासाठी बापाची गरज नाही. हीच समजूत कारखान्याच्या कचेरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे पसरलेली आहे. मी रजेची चौकशी केली तेव्हा मला मिळालेले उत्तर होते, "दुसरंच आहे ना? मग एवढं काय?" उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता, त्याच्या दोन्ही मुलांच्या वेळी तोही कामावरच होता.

२०१७ मध्ये हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. १५ दिवसांची रजा, ती ३ महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय, आणि असंघटित क्षेत्रातल्या पुरुषांचाही समावेश, असे त्याचे स्वरूप होते. त्याचा कायदा झाला नाही. मराठवाड्यातल्या एका खासदाराने मांडलेला हा विषय महाराष्ट्राने पुढे नेला असता तर ते शोभून दिसले असते, आणि अजूनही वेळ गेलेली नाही.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सर्वांत जुना आक्षेप घरातूनच येतो. माझी आई म्हणते, "तुझ्या वेळी बाराव्या दिवशी मी गोठ्यात होते." मी तिचे दुसरे अपत्य आहे. ती हे अभिमानाने सांगते आणि त्या अभिमानाचा तिला हक्क आहे, कारण तिने ते खरोखर निभावले. पण तिच्या कंबरेचे दुखणे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि त्या दुखण्याचा त्या बाराव्या दिवसाशी काही संबंध असेल का, हा विचार मी आता करू लागलो आहे. शिवाय तेव्हाच्या घरात चुलती होती, आत्या होती, शेजारच्या दोन घरांची दारे दिवसभर उघडी होती; माझ्या थोरल्या भावाला कोणी भरवले आणि कोणी झोपवले हे आईला विचारावेही लागत नसे. ते घर आता नाही. पेठांतले वाडे गेले, भाऊ वेगवेगळ्या उपनगरांत पांगले, बायका नोकरीला लागल्या, आणि या बदलांपैकी बरेचसे चांगल्यासाठीच झाले. मनुष्यबळाचा हिशेब मात्र कोणी नव्याने मांडला नाही. महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १.७ वर आलेला आहे. घरटी एक किंवा दोन मुले असणाऱ्या समाजात पुढच्या पिढीला चुलत्या आणि आत्या आणखी कमी असतील. त्यांची कामे आईबाप या दोघांतच वाटली जाणार आहेत.

दुसरा आक्षेप असा, की रजा दिली तरी पुरुष घरी काम करणार नाहीत. झोपा काढतील, नाहीतर गावाकडची कामे उरकतील. काही जण तसे करतील हे मी नाकारत नाही. पण हक्काचा गैरवापर काही जण करतील म्हणून तो सर्वांनाच नाकारण्याची रीत आपण इतर बाबतींत पाळत नाही. आणि कायद्याने घराच्या उंबऱ्याच्या आत जाऊ नये, असे निदान कोल्हापुरात तरी कोणी म्हणू नये. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना १ रुपया दंड ठेवला, तेव्हा मुलाने गुरे राखायची की शाळेत जायचे हा घरातलाच प्रश्न मानला जात होता. १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास मनाई करणारा कायदा या संस्थानाने केला, तोही चार भिंतींच्या आतल्या वागणुकीबद्दलच होता. सवय आधी बदलेल आणि मग कायदा करू, असे म्हणत बसले असते तर यांपैकी काहीच झाले नसते. बाळाला आंघोळ घालणे, शी-शू काढणे, बाळंतिणीला वेळेवर गरम जेवण वाढणे ही कामे पुरुषांना येत नाहीत, कारण ती शिकण्याच्या दिवसांत ते घरी नसतात. पहिल्या पंधरवड्यात हात बसला नाही तर पुढे तो बसत नाही, आणि मग ते काम कायमचे बाईच्या वाट्याला जाते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो मला खरोखर विचार करण्यासारखा वाटतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथले पुष्कळ उद्योग लहान आहेत. पंचवीस-तीस माणसांच्या फौंड्रीत साचे करणारा एक अनुभवी मोल्डर १५ दिवस गेला तर काम खरोखर अडते, आणि त्याचा पगारही मालकाने बसून द्यायचा असेल तर असा मालक नोकरी देतानाच नवविवाहित पुरुषाला टाळू लागेल. स्त्रियांच्या बाबतीत हे घडतच असते. बऱ्याच ठिकाणी प्रसूती रजेचा पूर्ण पगार मालकावर पडतो म्हणून लग्न झालेल्या तरुणीला नोकरी देताना हात आखडता घेतला जातो, हे आपण सगळेच जाणतो. म्हणूनच बापाच्या रजेचा पगार मालकाने देऊ नये, असे माझे मत आहे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. कामगारांच्या राज्य विमा योजनेत, म्हणजे ज्याला कारखान्यात सगळे ईएसआय म्हणतात त्या योजनेत, २०१९ पासून मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्का वर्गणी भरतो, आणि विमाधारक स्त्रीला प्रसूती रजेचे वेतन त्या निधीतून मिळते. २०१७ मध्ये या योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये झाली. विमाधारक पुरुषाच्या पत्नीला या योजनेत औषधोपचार मिळतात, पण त्या पुरुषाला तिच्याजवळ थांबण्यासाठी एका दिवसाचेही वेतन मिळत नाही. हे १५ दिवस त्याच निधीतून द्यावेत. पुरुष आयुष्यात ही रजा बहुधा दोनदाच घेणार आहे, त्यामुळे निधीवरचा भार २६ आठवड्यांच्या मानाने थोडाच राहील. वेतनमर्यादेच्या वरच्या माझ्यासारख्यांसाठी याच धर्तीवर वेगळी वर्गणी ठेवायला हरकत नाही. मी ती आनंदाने भरेन. यात आणखी एक लाभ आहे. पोर झाले की पुरुषही रजेवर जातो, हे एकदा रूढ झाले, की नोकरी देताना स्त्रीलाच वेगळे काढण्याचे कारण थोडे तरी बोथट होईल.

ही योजनाही सर्वांपर्यंत पोचत नाही, याची मला जाणीव आहे. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्याची कमाई विणलेल्या कापडावर असते. त्याने मागापासून दूर राहायचे ठरवले तर त्या दिवसाचा पैसा नाही. आणि दरवर्षी दिवाळीच्या आसपास बीडकडून आमच्या कारखान्यांच्या फडांत येणाऱ्या ऊसतोड जोडप्यांपुढे रजा हा शब्द काढण्याचीही लाज वाटते. नवरा-बायको मिळून तिथे एक 'कोयता' मोजला जातो. बाई पोटुशी आहे म्हणून बसली तर अर्धा कोयता बसतो आणि आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून ती आठव्या महिन्यातही मोळी उचलते, आणि तिचे थोरले मूल पाचटाच्या सावलीत धाकट्याला राखत असते. या जोडप्यांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. बाळंतपणाच्या काळात पूर्ण कोयत्याची मजुरी भरून देण्याची जबाबदारी अशा मंडळाने घेतली तर त्याला कल्याण हा शब्द शोभेल. संघटित कामगाराच्या रजेची मागणी करताना या बायकांना मागे ठेवून चालणार नाही, आणि त्यांचे होईपर्यंत इतरांचेही होऊ नये असे म्हणणेही बरोबर नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. आमचे बाळ त्याच्यासाठी थांबणार नाही. आम्ही दोघांनी बसून जे ठरवले आहे ते असे. थोरली आजोळी जाणार नाही. दवाखान्याच्या दिवसांत रात्री मी तिच्याजवळ घरी झोपेन आणि पत्नीसोबत माझी आई राहील, कारण त्या रात्री मुलीला अंथरुणात ओळखीचा हात लागणे अधिक आवश्यक आहे असे पत्नीचेच म्हणणे आहे. बाळाला आंघोळ घालायला मी शेजारच्या काकूंकडून शिकतो आहे. त्यांच्या नातवावर हात बसवून झाला आहे. शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी मला आधीपासून येते, लाडवांचे आई सांगेल तसे करीन. गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा स्वयंसेविका, येऊन वहीत नाव लिहून गेल्या. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन, नाळ आणि आईची तब्येत पाहणार आहेत. माझ्या रजेच्या अर्जात ११ दिवस आहेत. त्यापुढचे ४ दिवस बिनपगारी मिळावेत अशी विनंती मी त्यात खाली वेगळ्या ओळीत लिहिली आहे, आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असे न लिहिता 'पत्नीचे दुसरे बाळंतपण' असे पूर्ण लिहिले आहे.